बाबा उभे राहिले त्या वर्षी

आमच्या घरात कुकरच्या शिट्टीलासुद्धा वेळापत्रक होतं. दुपारी एक ते तीन शिट्टी होऊ द्यायची नाही, कारण ती इमारतीची शांततेची वेळ. रविवारी मिक्सर लावायचा नाही, कारण रविवार ही सगळ्या जर्मनीचीच शांततेची वेळ. त्यामुळे आठवड्याची चटणी, वाटण, इडलीचं पीठ सगळं शनिवारी उरकायचं, आणि शनिवारी आमचं घर पिठाच्या गिरणीसारखं घरघरायचं. हे नियम बाबांचे, पण बाबांनी ते कधी नियम म्हणून सांगितले नाहीत. त्यांनी आयुष्यात कोणाला मनाई केली नाही, ते सुचवत. "जरा असं केलं तर बरं पडेल का?" एवढंच म्हणत आणि मग घर तसं करायला लागे. दारावरचं तोरण बाहेरून काढून आतल्या बाजूला आलं ते त्यांच्या सुचवण्यानं. जिन्यात मराठीत मोठ्यानं बोलायचं नाही, हेही त्यांच्या सुचवण्यानं. कारखान्यात सूचनापेटी होती, कामात काही सुधारणा सुचली की तिथे टाकायची. त्या बाबतीत बाबांचा हात धरणारा कोणी नव्हता. चार लोकांत आपलं हसं होता कामा नये, ही त्यांची एकच धास्ती, आणि परदेशात तर ते चार लोक जिन्यात, दुकानात, बसथांब्यावर सगळीकडेच उभे असतात.

आम्ही राहायचो ते गाव वोल्फ्सबुर्गपासून रेल्वेनं अर्ध्या तासावर. नाव सांगत नाही, छोटं गाव आहे, माणसं ओळखू येतील. बाबा, म्हणजे विलास सबनीस, पुण्याचे. भोसरीला नोकरी करत होते, तिथून गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर म्हणून इथे आले. आई सुनंदा, कऱ्हाडची. मी मनू. आलो तेव्हा मी बालवाडीच्या वयाची होते, आणि दोन वर्षांत अशी काही बदलले की घरात मराठी ऐकायची आणि उत्तर जर्मनमध्ये द्यायची. आई म्हणायची, "मी विहिरीत दगड टाकते आणि आवाज शेजारच्या विहिरीतून येतो." आज चाळिशी उलटल्यावर मी हे सगळं मराठीत लिहायला बसले आहे. ते पाहून ती म्हणाली असती, आता गं काय उपयोग. पण मनातून हरखली असती, हे मला माहीत आहे.

आईची एक सवय होती. कुठलाही कागद पुढ्यात आला की आधी वर मधोमध बारीकसं 'श्री' लिहायचं, मग पुढचं काय ते. वाणसामानाची यादी असो, माहेरचं पत्र असो, लोणच्याच्या बरणीवरची चिठ्ठी असो, श्री पाहिजेच. कऱ्हाडला तिच्या घरी सगळेच तसं लिहीत. देवाचं नाव आधी आलं की काम तडीला जातं, एवढंच त्यामागचं शास्त्र. माझ्या शाळेच्या पहिल्या वहीवर तिनं श्री काढलं, तेव्हा बाईंनी त्याभोवती लाल गोल करून शेजारी प्रश्नचिन्ह टाकलं. बाबांनी सुचवलं, शाळेच्या वह्यांवर नको. मग आई वहीच्या वेष्टनाच्या आतल्या बाजूला, कोणाला दिसणार नाही असं लिहायला लागली. आणि गंमत म्हणजे बाबा स्वतः भोसरीला असताना प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं श्री काढल्याशिवाय पहिली रेघ मारत नसत. आई हे मला पोळ्या लाटता लाटता सांगायची आणि बाबा पेपरच्या मागे हसायचे. तेव्हा आमच्या घरात असं हसणं होतं.

निवडणुकीचं खूळ शिरलं ते एका बसमुळे. आई गाडी चालवायची नाही. शनिवारी सकाळी ती वोल्फ्सबुर्गच्या तुर्की दुकानात जाऊन मिरच्या, कोथिंबीर, डाळी आणायची. परतीची रेल्वे आमच्या स्टेशनात शिरायच्या जरा आधी गावातली बस निघून गेलेली असायची, आणि पुढची बस कितीतरी वेळानं. आई दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चढाच्या रस्त्यानं चालत घरी यायची. एका हिवाळ्यात बर्फावरून पाय घसरला आणि तिचं मनगट मोडलं. बाबांनी त्या दिवसापासून बसचा ध्यासच घेतला. बसनं थोडं थांबावं, एवढीच त्यांची मागणी. त्यांनी राटहाउसला, म्हणजे नगरपालिकेला, सूचना पाठवली. सूचनेबद्दल आभार मानणारं उत्तर आलं. पुन्हा पाठवली, पुन्हा आभार आले. बाबा म्हणाले, ज्याच्या हाती ससा तो पारधी, आपण बाहेर बसून कितीही सुचवा.

त्यात ह्यूस्टनहून शरदकाकांचे फोन. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, दर रविवारी फोन करायचे, आणि त्या काळात तिकडे त्यांच्या शहराच्या मेयरची निवडणूक होती. काका एका उमेदवारासाठी घरोघर दारं वाजवत फिरत होते. एवढं अवाढव्य शहर, पण मतपत्रिकेवर पक्षाचं नावच नाही, असं ते पुन्हा पुन्हा सांगायचे. माणूस बघायचा आणि मत टाकायचं. कोण कुठून आलाय, कोणी विचारत नाही म्हणे. बाबा फोन स्पीकरवर टाकून आम्हालाही ऐकवायचे. आई म्हणायची, "भाऊजींचं काय जातंय. ते दुसऱ्यासाठी दारं वाजवतात, स्वतः कुठे उभे राहिलेत?" पण बाबांच्या डोक्यात किडा वळवळायला लागला होता. आमच्या गावचे म्हातारे ब्युर्गरमाइस्टर, म्हणजे नगराध्यक्ष, निवृत्त व्हायचे होते. प्रत्येक पक्षात आतल्या आत एका नावावर जुळेना, म्हणून एकाही पक्षानं आपला माणूस दिला नाही. बँकेतले एक साहेब आणि शाळेचे माजी मुख्याध्यापक असे दोघे उभे राहिले, दोघंही अपक्ष. बाबा म्हणाले, म्हणजे हे आपलं छोटंसं ह्यूस्टनच झालं की.

उभं राहायचं तर आमच्यासारख्यांना जर्मन नागरिक असायला हवं. ते आम्ही आदल्याच वर्षी झालो होतो, आणि ते प्रकरण सोपं नव्हतं. जर्मन व्हायचं तर भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो. बाबांनी सुचवलं, तिघांनीही व्हावं. आईनं तो अर्ज पुष्कळ दिवस तसाच ठेवला. मग म्हणाली, "देश काय, आपली माणसं असतील तिथे." तिचा निळा पासपोर्ट कोपरा कापून, रद्दचा शिक्का मारून परत आला, तो तिनं देवापुढे ठेवला आणि नंतर कपाटात साड्यांच्या खाली. त्या दिवशी ती पोळ्या करताना रडत होती. मी काय झालं विचारलं तर म्हणे डोळ्यांत पीठ गेलं. कऱ्हाडला आजी अंथरुणाला खिळलेली, आणि आता आईला आपल्या आईला भेटायला जायचं तर व्हिसा काढायचा. मला त्या वयात हे नीट कळलं नाही. मला वाटायचं, एक छोटं पुस्तक देऊन दुसरं घेतलं, एवढंच तर आहे. आज माझ्याकडे ते कापलेल्या कोपऱ्याचं पुस्तक आहे आणि मला ते हातात धरवत नाही.

बाबा उभे राहतो म्हणाले तेव्हा आई आधी हसली. मग ते खरंच म्हणताहेत हे कळल्यावर कपाळावर हात मारून घेतला. या लष्कराच्या भाकऱ्या कशाला भाजायच्या, असं एकदा विचारून झालं. पण एकदा ठरल्यावर ती असा काही पदर खोचून कामाला लागली की बाबासुद्धा बघत राहिले. आधी गावातल्या लोकांच्या पाठिंब्याच्या सह्या गोळा करायच्या होत्या. पहिली सही आमच्या बरोबर खालच्या मजल्यावर राहणाऱ्या फ्राउ लिंडनरनी दिली. त्या निवृत्त शिक्षिका, एकट्या. आम्ही आलो त्या वर्षी कुकरच्या शिट्टीची तक्रार करायला वर आल्या होत्या आणि चकली खाऊन परत गेल्या होत्या, तेव्हापासून आईची आणि त्यांची हातवाऱ्यांची मैत्री. मग दर शनिवारी बाजारचौकात आमचं टेबल लागायचं. दिव्यांच्या खांबांवर बाबांचे फोटो, टेबलावर बसच्या वेळापत्रकाची बाबांनी काढलेली आकृती, आणि त्याशेजारी आईच्या चकल्या आणि कोथिंबीर वड्या. बसचं कोणी ऐकत नसे, वड्या संपत. वोल्फ्सबुर्गहून मराठी मंडळी पोराबाळांसकट यायची, टाळ्या वाजवायची, खायची, आणि त्यांच्यातल्या एकालाही मत नव्हतं, कारण सगळे दुसऱ्या गावचे आणि वर भारतीय पासपोर्टवाले.

आई नवऱ्याचं नाव घ्यायची नाही. तिच्या सगळ्या बहिणी घ्यायच्या, पण तिला जमायचंच नाही, लग्नातल्या उखाण्यात एकदा घेतलं असेल तेवढंच. चौकात कोणी थांबून विचारलं की बाई, मत कोणाला द्यायचं, तर ती लाजून खांबावरच्या फोटोकडे बोट करायची. अख्ख्या प्रचारात उमेदवाराचं नाव न घेणारी ती एकटीच कार्यकर्ती. बाबा तिला चिडवायचे, अगं निदान निवडणुकीपुरतं तरी घे. ती म्हणायची, "अहो, तुमचं काम झाल्याशी कारण ना?" त्या दिवसांत ते दोघं एकमेकांशी इतकं बोलायचे, इतकं हसायचे, की मला वाटायचं, नाही निवडून आले तरी चालेल, ही निवडणूक अशीच चालू राहावी.

मतदानाचा दिवस रविवारचा. आमच्या भागात सोळाव्या वर्षी गावच्या निवडणुकीत मत देता येतं, त्यामुळे माझंही पहिलं मत होतं. बाबांनी सुचवलं की आईनं कोट-पँट घालावी, थंडी आहे. आईनं इरकल नेसली, नथ नाही घातली एवढंच. मतदान प्राथमिक शाळेच्या व्यायामाच्या हॉलमध्ये होतं. पुठ्ठ्याच्या आडोशामागे टेबल, त्यावर दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल. बाबा गेले आणि आले, मी गेले आणि आले. आई आत गेली ती बाहेर येईना. मागे माणसं ताटकळली. शेवटी आली, चेहरा असा उजळलेला, देवळातून यावा तसा. बाबा हळूच म्हणाले, "तीन नावांत एवढा वेळ?" आई म्हणाली, "घाईघाईत द्यायची गोष्ट आहे का ती? नीट दिलं."

जर्मनीत मतांची मोजणी त्याच खोलीत, लगेच, सगळ्यांसमोर होते. मतदान संपलं की कोणीही आत जाऊन उभं राहू शकतं. बाबांना ती पद्धत फार आवडली होती आणि त्यांना ती आम्हाला दाखवायची होती, म्हणून संध्याकाळी आम्ही तिघं पुन्हा गेलो. टेबलाभोवती मोजणीची माणसं बसली होती, गावातलीच, एक दिवसाच्या कामापुरती नेमलेली. त्यांत फ्राउ लिंडनर होत्या. पेटी उपडी केली. कागद उलगडून तीन ढीग होऊ लागले. बँकवाल्यांचा आणि मुख्याध्यापकांचा वाढत गेला, बाबांचा मात्र चकल्यांच्या ताटलीत शेवटी उरतात तेवढ्या तुकड्यांइतका राहिला. बाबा हात मागे बांधून उभे होते, चेहऱ्यावर हसू होतं, कारण लोक बघत होते. हरणार हे त्यांना ठाऊक होतं. पण निदान आमच्या गल्लीत, जिथे जिन्यात भेटेल तो 'हो, हो, तुम्हालाच' म्हणाला होता, तिथे इतकं थोडं मिळेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

मग तो कागद आला. मुख्य अधिकारी, एक टक्कल पडलेले गृहस्थ, तो हातात धरून थबकले. फुली बाबांच्या नावापुढे होती, ठसठशीत. पण कागदाच्या वर, अगदी मधोमध, पेन्सिलीनं काहीतरी काढलेलं होतं. मतपत्रिकेवर फुलीशिवाय काहीही आढळलं की ती बाद, असा तिथला नियम. तरी त्यांनी तो कागद टेबलाभोवती दाखवला. एकजण म्हणाला, पोरानं काढलेलं फूल दिसतंय. दुसरा म्हणाला, साप. कोणीतरी हसलं. दुष्टपणानं नाही, दिवसभर बसून कंटाळलेली माणसं हसतात तसं. आई माझ्या शेजारी होती. तिला सगळं जर्मन कळलं नसेल, पण कागद कळला. ती सावरून उभी राहिली, पदर नीट केला आणि अर्धं पाऊल पुढे आली, शाळेत बक्षिसाला नाव पुकारावं तशी. तिला वाटलं, आता हे सांगतील.

टेबलावरून फ्राउ लिंडनरच म्हणाल्या, "हेर सबनीस, तुम्हाला कदाचित हे वाचता येईल."

बाबा पुढे झाले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांना पाहिल्याबरोबर कळलं होतं. न कळायला काय झालं? ती मागे लांब ओढलेली वेलांटी आमच्या घरातल्या प्रत्येक बरणीवर होती. टेबलाभोवतीचे सगळे त्यांच्याकडे बघत होते, हसरे, उत्सुक.

"नाइन, नाही," बाबा म्हणाले. "हे काय आहे, मला माहीत नाही."

"उनग्युल्टिग," टक्कलवाले म्हणाले, म्हणजे बाद. सगळ्यांनी हात वर करून तसं ठरवलं आणि कागद वेगळ्या ढिगात गेला. आई पुढे टाकलेलं अर्धं पाऊल मागे आली. मला वाटलं ती माझा हात धरेल, पण तिनं स्वतःचाच एक हात दुसऱ्या हातात धरला.

घरी चालत आलो. बाबा थोडं पुढे, आम्ही मागे. अजून उजेड होता, लोक बागांमधून खुर्च्या आत नेत होते आणि बाबा त्यांना हात करत होते. स्टेशनचा चढ संपल्यावर ते थांबले आणि हळू आवाजात, कारण रस्ता होता, म्हणाले, "सुनंदा, अगं, तसंही ते बादच होणार होतं. मी सांगितलं असतं तर कोणाचं मत ते उघड झालं असतं. ते गुप्त असतं. आणि सगळे तुला हसले असते."

आई म्हणाली, "हसले असते तर मला हसले असते. तुमचं काय गेलं असतं?"

"तुझं हसं होऊ नये म्हणूनच तर..."

"मी हसण्यासारखं काय लिहिलं होतं?" आई रस्त्यातच उभी राहिली, आणि ती कधी नव्हे इतक्या मोठ्यानं बोलत होती. "तुमचं चांगलं व्हावं म्हणून देवाचं नाव लिहिलं. चुकलं, मला नियम माहीत नव्हता. पण अक्षर माझं होतं हो. ते आपल्या ओळखीचं नाही, असं तुम्ही चार लोकांत सांगितलंत. माझ्यासमोर सांगितलंत." बाबांनी तोंड उघडलं. ती म्हणाली, "राहू द्या आता."

आजही कोणी ही गोष्ट ऐकली की मला म्हणतं, एवढंच? एका अक्षरावरून? मला अशा माणसांची चीड येते. जी बाई नवऱ्यासाठी पासपोर्टचा कोपरा कापून घेते, तिनं बदल्यात काय मागितलं होतं? काहीच नाही. आणि जे न मागता मिळायला हवं होतं, नेमकं तेच तिथे त्या टेबलापाशी तिला मिळालं नाही. बाबांचंही मला कळतं. ते वाईट नव्हते. इतकी वर्षं कुकरची शिट्टी दाबून दाबून त्या माणसाला दाबण्याचीच सवय झाली होती. कळतं म्हणून राग कमी होतो असं मात्र नाही.

त्या दिवसापासून आईनं बाबांना 'अहो' म्हणून हाक मारली नाही. भांडण नाही, अबोला नाही, डबा वेळेवर, शर्टाला इस्त्री, तापात उशाशी बसणं, सगळं होतं. फक्त हाक गेली. मनू, बाबांना सांग, जेवायला वाढलंय. मनू, बाबांना विचार, चहा घेणार का. बाबाही मग तसंच करायला लागले. मनू, आईला सांग, मला उशीर होईल. मी त्या दोघांमध्ये जेवणाच्या टेबलाशी बसून इकडचं तिकडे पोचवायची, आणि ते दोघं एकमेकांपासून हातभर अंतरावर. मी शिकायला हानोव्हरला गेल्यावर आई भिंतीला सांगायला लागली, "जेवण झालंय." श्री लिहिणं तिनं सोडलं नाही. यादी मात्र बाबांच्या हातात देणं सोडलं.

निवडून आलेले बँकवाले तसे भले गृहस्थ निघाले. त्यांनी बाबांची आकृती मागवून घेतली आणि पुढच्या वेळापत्रकापासून आमची बस रेल्वे येईपर्यंत स्टेशनाबाहेर थांबायला लागली. बाबांना काय आनंद झाला म्हणून सांगू. घरी येऊन त्यांनी मला सांगितलं, आईला ऐकू जाईल अशा आवाजात. आई म्हणाली, "सांग त्यांना, गावाचं भलं झालं." पुढच्या शनिवारी बस थांबलेली होती, दार उघडं होतं. आई तिच्या शेजारून पिशव्या घेऊन चढाला लागली. शेवटपर्यंत ती त्या बसमध्ये चढली नाही. बाबा खिडकीत उभे राहून तिला येताना बघायचे आणि ती जिन्यात पोचली की खिडकीतून बाजूला व्हायचे.

पुष्कळ वर्षांनी एकदा ती माझ्याकडे हानोव्हरला आली होती. मी तिला सरळ विचारलं, आई, किती दिवस हे चालवणार आहेस? ती भाजी निवडत होती. म्हणाली, "त्यांनी एकदा म्हणावं, सुनंदा, मला वाचता येत होतं. बास. मला दुसरं काही नको." मी म्हटलं, मग तूच सांग ना त्यांना. तर म्हणे, "मागून घेतलं तर त्यात काय राहिलं?" मी ते जसंच्या तसं बाबांच्या कानावर घातलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "बघू." जन्मभर दुसऱ्यांना सुचवणाऱ्या माणसाला कोणी काही सुचवलं की तो बघूच म्हणतो.

आई गेली ती अचानक, सकाळचा चहा ठेवता ठेवता. आजारपण नाही, निरवानिरव नाही. शेवटचं वाक्य म्हणावं असंही काही बोलली नाही. आदल्या दिवशी मला फोनवर म्हणाली होती की मेथी चांगली मिळाली. दहनानंतर थोडी माणसं घरी आली. फ्राउ लिंडनर तोवर फार थकल्या होत्या, एका मजल्याचा जिना चढायलाही त्यांना माझा हात लागला. माझ्याशेजारी बसून त्या आईबद्दल बोलत होत्या. मग म्हणाल्या, तुझ्या आईच्या त्या खुणेची गोष्ट मी कधी विसरणार नाही. मी विचारलं, कुठल्या? तर त्या म्हणाल्या, निवडणुकीच्या दुसऱ्याच दिवशी तुझे बाबा माझ्या दाराशी आले होते. आत या म्हटलं तरी आले नाहीत, जिन्यातच उभे राहिले. म्हणाले, ते आमच्याकडे चांगल्या कामाच्या आधी लिहितात. माझ्या बायकोनं माझ्यासाठी लिहिलं होतं. मी बघताक्षणी ओळखलं होतं. मला लाज वाटली, आणि आता त्या लाजेची लाज वाटते. एवढं बोलून रडले. मी त्यांना म्हटलं, हे वर जाऊन सांगा. तर म्हणाले, हो, बरोबर आहे, आत्ताच जातो. फ्राउ लिंडनरनी माझा हात थोपटला. म्हणाल्या, नंतर दोघांना एकत्र बघायची तेव्हा मला नेहमी वाटायचं, बरं झालं, त्यांनी तिला सांगितलं.

माणसं गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. बाबा ओट्याशी उभे राहून आईचे मसाल्याचे डबे पुसत होते, एकेक उचलून, पुन्हा जागच्या जागी ठेवत. त्यांचं वय झालेलं, बायको गेलेली, अशा माणसावर ओरडू नये. मी ओरडले. म्हटलं, खाली जाऊन सांगितलंत, एक जिना उतरून, परक्या बाईला. आणि इथे, या ओट्याशी ती उभी होती, इतकी वर्षं रोज उभी होती, तिला नाही सांगितलंत? तिला दुसरं काहीसुद्धा नको होतं, बाबा. का नाही सांगितलंत?

बाबांनी फडकं खाली ठेवलं नाही.

"जर्मनमध्ये सांगता आलं गं," ते म्हणाले. "तिथून वर आलो. ती पोळ्या लाटत होती, माझ्याकडे पाठ होती. मराठीत सुरुवात कशी करायची, तेच सुचेना. मग म्हटलं, आज नको, उद्या सांगू."